गुडघ्याची वही : कोल्हापुरातल्या एका प्रकल्पाच्या कामनोंदी

११ नोव्हेंबर

कामाला सुरुवात. गुडघ्याच्या शस्त्रक्रियांसाठी एकच लेखी पद्धत बसवायची आहे. वहीचे भाग चार: तपासणीचं पान, ओटीची (ऑपरेशन थिएटरची) यादी, मोजमापांचा तक्ता आणि तालमीच्या भिंतीवर लावता येईल असं व्यायामाचं वेळापत्रक. आपल्याकडे गुडघे येतात ते तालमीतून, पेठांच्या फुटबॉलमधून आणि दुचाकीवरून पडून. माणूस निदान सांगतच आत येतो: "शीर तुटली", "गादी फाटली", "वाटी सरकली". हे शब्द पानावर तसेच छापायचे. शीर म्हणजे बहुतेक वेळा एसीएल (नडगीला पुढे सरकू न देणारा सांध्यातला बंध), गादी म्हणजे मेनिस्कस (दोन हाडांमधली कूर्चेची चकती), वाटी म्हणजे पटेला. त्यांच्यापुढे आपले प्रश्न.

पहिला प्रश्न, सूज कधी आली? दोन-तीन तासांत गुडघा टरारून सुजला तर आत रक्त आहे. एसीएल तुटली असेल, वाटी सरकून परत बसली असेल किंवा हाड मोडलं असेल. सूज दुसऱ्या दिवशी सकाळी दिसली तर आधी गादीचा संशय. सुईने रक्त काढलं तर ते लगेच ओतून टाकायचं नाही, ट्रेमध्ये दोन मिनिटं स्थिर ठेवायचं. मिसळीच्या कटावर दिसतो तसा तेलाचा तवंग वर आला, की हाडातली चरबी बाहेर आली आहे. मग एक्स-रे साधा दिसला तरी फ्रॅक्चर शोधायचंच.

दुसरा प्रश्न, पाय कुठे रोवला होता आणि अंग कुठे वळलं? फुटबॉलमध्ये बहुधा कुणी धडकलेलंच नसतं, पळता पळता वळताना गुडघा जातो. कुस्तीत पट काढताना समोरच्याने पाय धरून पिळलेला असतो. त्यामुळे एसीएलसोबत बाजूचा बंध आणि गादीही जाते. एकच गोष्ट सापडली म्हणून तपासणी थांबवायची नाही, हे पानावर जाड ठशात.

१६ नोव्हेंबर

तपासणीचं पान. लॅकमन चाचणी (नडगी पुढे ओढून एसीएल तपासायची) गुडघा २० ते ३० अंशांत वाकवून. अडचण पैलवानाच्या मांडीची. ती एका हाताच्या पंजात मावत नाही, मग पकड सुटते आणि चाचणी खोटी 'ठीक' येते. उपाय: तपासणाऱ्याने आपला गुडघा टेबलावर टेकवून त्यावर रुग्णाची मांडी ठेवायची, एका हाताने मांडी वरून दाबायची आणि दुसऱ्याने नडगी पुढे ओढायची. पालथं झोपवूनही करता येते. मोजमाप दुसऱ्या पायाशी तुलना करून लिहायचं: ५ मिमीपर्यंत पहिली श्रेणी, ५ ते १० दुसरी, त्यापुढे तिसरी. आणखी एक, ओढ शेवटी 'टक्' करून थांबते की गुळगुळीत सरकत राहते. मिलिमीटरपेक्षा हे जास्त सांगून जातं.

बाजूचे बंध ० आणि ३० अंशांत, दोन्हींत ताणून पाहायचे. ३० अंशांत सैल आणि सरळ पायात घट्ट, तर बाजूचा बंध एकटा गेला आहे. सरळ पायातही उघडत असेल तर क्रूसबंधही (सांध्यातले फुलीसारखे बंध, एसीएल त्यांतलाच एक) गेले आहेत असं धरून चालायचं.

लाल चौकटीतली ओळ: दोन किंवा जास्त बंध सैल असतील तर गुडघा निखळून आपोआप परत बसला असू शकतो. अशा वेळी मागची धमनी धोक्यात असते. नाडी हाताला लागली म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब ०.९ च्या खाली आला तर सीटी अँजिओग्राफी आणि रक्तवाहिन्यांचा सर्जन, त्याच क्षणी. रक्तपुरवठा तुटल्यापासून आठ तास उलटले की पाय वाचण्याची आशा झपाट्याने घटते. इथे एमआरआयची वाट पाहायची नाही.

तालमीत 'गुडघा बसवून घेण्याची' पद्धत अजून आहे. म्हणून तिसरा प्रश्न: कुणी ओढला का, कधी? गादीचा तुकडा मध्ये अडकून गुडघा लॉक झालेला असेल आणि तो जोराने सरळ केला, तर शिवता येण्याजोगी गादी चिरडते.

२४ नोव्हेंबर

एक्स-रे. उभं राहून समोरून, ३० अंशांत बाजूने आणि वाटीचा स्कायलाइन (गुडघा वाकवून वाटी कडेने दिसेल असा). ही तिसरी फिल्म लोक गाळतात आणि वाटीचा कोपरा निसटतो.

फसगतीच्या जागा दोन. वाटीच्या वरच्या-बाहेरच्या कोपऱ्यात गोलसर, गुळगुळीत कडेचा वेगळा तुकडा दिसला तर ती बहुधा जन्मजात दोन भागांची वाटी असते. त्या जागी दाबून दुखतं का ते पाहायचं, फ्रॅक्चर म्हणून घाईने तार बांधायची नाही. दुसरा, नडगीच्या हाडाच्या वरच्या बाहेरच्या कडेला उडालेला नखाएवढा कपचा. कपचा बारीक, पण त्यामागे एसीएल तुटलेली असण्याची शक्यता फार मोठी.

३ डिसेंबर

शस्त्रक्रिया कधी? फुटबॉलचा हंगाम चालू असल्याने 'उद्याच करा' हा आग्रह रोजचा. पानावर असं लिहिलं: एकट्या एसीएलला घाई नाही. सुजलेल्या, न सरळ होणाऱ्या गुडघ्यावर कलम (तुटलेल्या बंधाच्या जागी घालायचा रुग्णाचाच स्नायुबंध) बसवलं तर सांधा आखडतो आणि मग वर्षभर आखडणं सोडवत बसावं लागतं. सूज ओसरली, पाय पूर्ण सरळ झाला, मांडीचा स्नायू हुकमाने आवळता येऊ लागला, की तारीख. बहुतेकांना तीन आठवडे लागतात. लॉक झालेला गुडघा, आत सुटलेला हाड-कूर्चेचा तुकडा आणि वाटीची ताणबंदी (पाय सरळ करणारी मांडी-वाटी-नडगीची साखळी) तुटलेली असेल तर मात्र दिवस मोजायचे, आठवडे नाहीत.

त्वचा. कुस्तीगिराची त्वचा वेगळी तपासायची. लाल मातीत ताक, हळद, तेल, लिंबू घालतात, माती मुरवतात. ती मऊ असते, पण खरचटणं, केसतोड आणि गजकर्ण चुकत नाही. मांडीपासून पोटरीपर्यंत, गुडघ्याच्या मागची घडीसुद्धा, उजेडात पाहायची. एक पिकलेला फोड असला तरी तारीख पुढे. केस वस्तऱ्याने काढायचे नाहीत, गरज असेल तरच क्लिपरने आणि शस्त्रक्रियेच्या दिवशीच.

गेल्या चार आठवड्यांत गुडघ्यात सुई घेतली का, हा प्रश्न वेगळ्या ओळीत. स्टिरॉइडची असेल तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, तारीख ढकलायची. 'ताकदीची सुई' म्हणून घेतलेली असते, त्यामुळे नाव न विचारता चिठ्ठी मागायची.

१२ डिसेंबर

कलम कुठून घ्यायचं यावर आजची पूर्ण बैठक गेली.

मांडीच्या मागचे दोन स्नायुबंध (हॅमस्ट्रिंग), सेमिटेन्डिनोसस आणि ग्रॅसिलिस, दुहेरी दुमडून चार पदर: जखम लहान, गुडघ्यावर बसताना त्रास कमी. तोटा असा की पूर्ण वाकलेल्या गुडघ्यातली ओढण्याची ताकद थोडी कायमची घटते. टांग मारताना, पाय अडकवून धरताना पैलवानाला तीच लागते. शिवाय जाडी आधी नक्की सांगता येत नाही. ८ मिमीपेक्षा बारीक कलम पुन्हा तुटण्याचं प्रमाण जास्त, आणि वय विशीच्या आत असेल तर आणखी.

वाटीखालच्या बंधाचा मधला १० मिमी पट्टा, दोन्ही टोकांना हाडाचे तुकडे: हाडात हाड जुळतं, लवकर धरतं. पण गुडघे टेकले की पुढे दुखतं. कुस्तीत गुडघे टेकल्याशिवाय दिवस जात नाही. वाटीतून तुकडा काढताना करवतीचे काप कोपऱ्यात एकमेकांना ओलांडून गेले तर पुढे वाटी तिथूनच चिरते.

वाटीवरचा क्वाड्रिसेप्सचा (मांडीच्या पुढच्या स्नायूचा) पट्टा: जाड मिळतो, गुडघे टेकताना त्रास कमी. मात्र मांडी सुरुवातीला फार झोपते, फिजिओ नेमाने झाली नाही तर पैलवान लंगडतच राहतो. गगनबावडा इथून सुमारे ५५ किलोमीटर. तिकडच्या वाडीवरून आठवड्यात तीनदा एसटीने कोण येणार, हा प्रश्न कलम निवडतानाच विचारायचा.

ठरलं ते असं: फुटबॉलला हॅमस्ट्रिंग किंवा वाटीखालचा पट्टा, सर्जनच्या हातावर. कुस्तीला हॅमस्ट्रिंग किंवा क्वाड्रिसेप्स, वाटीखालचा पट्टा शेवटी. आतला बाजूचा बंधही तुटलेला असेल तर त्याच पायाचे हॅमस्ट्रिंग शक्यतो काढायचे नाहीत. आतल्या बाजूला तेवढाच आधार उरलेला असतो.

१९ डिसेंबर

बोर्डावर टाक्यांचा सराव. मटणाच्या दुकानातून बोकडाच्या नळीवरचे स्नायुबंध आणले. माणसाच्यापेक्षा आखूड, पण टाक्याला पुरतात. स्टीलच्या पट्टीच्या बोथट कडेने वरचं मांस खरवडायचं. धारदार कड लावली की तंतू उचलले जातात आणि नंतर कलम मापाच्या भोकातून जाताना तिथेच फुगतं. प्रत्येक टोकाला २.५ ते ३ सेमी लांबीत पाच-सहा वेढे, २ नंबरचा न विरघळणारा धागा. प्रत्येक वेढ्यानंतर धागा ओढून बसवायचा. शेवटी एकदाच ओढला तर पहिले वेढे सैलच राहतात. आज दोघांचे टाके असेच सुटले.

मापाच्या पट्टीवर अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने भोकं आहेत. कलम ज्या सर्वांत लहान भोकातून दमदार ओढल्यावर जातं ते त्याचं माप. सहज सरकलं म्हणजे माप मोठं धरलं गेलं. चार पदरी ७.५ मिमीच भरलं तर सेमिटेन्डिनोसस तिहेरी दुमडायचा. हिशोब: फीमरमध्ये (मांडीच्या हाडात) शक्यतो २ सेमी, सांध्यात साधारण ३, टिबियात (नडगीच्या हाडात) २.५, मिळून ७.५ सेमी. म्हणजे तिहेरीसाठी २४ सेमी लांबीचा स्नायुबंध मिळाला तर ८ सेमी होतात आणि जमतं. २१ सेमी असेल तर ७ होतात, जमत नाही.

स्नायुबंध काढतानाची चूक ही सगळ्यांत महाग. सेमिटेन्डिनोससपासून पोटरीच्या स्नायूकडे जाणारा आडवा पट्टा असतो. तो कापायचा राहिला की स्ट्रिपर (स्नायुबंध सोलून काढायचं लांब हत्यार) त्या फाट्यावर चढतो आणि स्नायुबंध मध्येच आखूड तुटून हातात येतो. खूण सोपी: स्नायुबंध ओढला आणि पोटरीवर खळी पडली तर पट्टा शिल्लक आहे. खळी जाईपर्यंत स्ट्रिपर हातात घ्यायचा नाही.

तयार कलम व्हँकोमायसिन या अँटिबायोटिकमध्ये भिजवलेल्या गॉझमध्ये गुंडाळायचं. १०० मिली सलाइनमध्ये ५०० मिग्रॅ, म्हणजे मिलीमागे ५ मिग्रॅ. निदान १० मिनिटं. बाटलीवर लेबल लावलंच पाहिजे, ट्रेवर तीन पारदर्शक द्रवं शेजारी शेजारी असतात.

२ जानेवारी

बोगदे, म्हणजे कलम बसवायला हाडात पाडायची भोकं. फीमरचा बोगदा आतल्या पोर्टलमधून (हत्यारं आत घालायच्या छोट्या छेदातून), गुडघा १२० अंश वाकवून. ९० वरच पिन घातली तर बोगदा आखूड होतो, मागची भिंत फुटते आणि पिन बाहेर निघताना बाहेरच्या बाजूच्या नसेजवळ (मज्जातंतूजवळ) जाते. जाड मांडी-पोटरीचा पैलवान १२० पर्यंत वाकतच नाही, मांसच मांसाला अडतं. अशा वेळी लवचीक ड्रिल किंवा बाहेरून आत येणारा गाईड. हे टेबलावर कळण्याआधी भूल दिल्यावर गुडघा वाकवून पाहायचं आणि यादीत खूण करायची. मागची भिंत १ ते २ मिमी शिल्लक हवी, दुर्बिणीतून आत पाहून खात्री. टिबियाचा गाईड ५५ अंशांवर.

बटनाच्या हिशोबाचा तक्ता आज तिसऱ्यांदा लिहिला. बटन म्हणजे हाडाबाहेर आडवी अडकणारी धातूची पट्टी; लूप म्हणजे तिला कलम टांगणारा फास; सॉकेट म्हणजे बोगद्याचा कलमाएवढा जाड भाग. पहिल्या मसुद्यात गडबड होती, सॉकेट कलमाएवढंच धरलं होतं. बटन १२ मिमी लांब. हाडाबाहेर पूर्ण आल्याशिवाय ते आडवं होत नाही आणि लूप त्याच्या मध्यावर आहे, म्हणून कलमाला निम्मं, म्हणजे ६ मिमी, आणि वर १ मिमी मोकळीक, एवढी आणखी आत जायला जागा लागते. उदाहरण: पूर्ण बोगदा ४० मिमी, लूप १५, तर कलम २५ मिमी आत बसणार. सॉकेट २५ अधिक ७, म्हणजे ३२. बाहेर ८ मिमी हाड शिल्लक, त्यातून फक्त ४.५ मिमीचं भोक. आता बोगदा ३२ मिमीच निघाला तर? कलम १७ मिमी आत, सॉकेट २४. चालतं, पण याहून आखूड बोगद्यात १५ चा लूप नको. आणि जाड ड्रिल चुकून आरपार गेला तर भोकच बटनाएवढं होऊ लागतं, बटन आत बुडतं. तेव्हा मोठं बटन किंवा बाहेरून स्क्रू-वॉशर. दोन्ही ट्रेवर आधीच हवेत.

बटन वळलं की नाही ते टिबियाच्या बाजूने कलम ओढून कळतं, पण मध्ये मऊ ऊती अडकल्या तरीही ते घट्टच लागतं. सी-आर्मवर (ओटीतल्या फिरत्या एक्स-रे यंत्रावर) एक फोटो घ्यायचा, बटन हाडाला चिकटलेलं दिसायला हवं. मग २० वेळा वाकव-सरळ. मगच टिबियाचा स्क्रू: बोगद्याएवढा किंवा १ मिमी जाड, गुडघा २० अंशांत. स्क्रू बसवून झाल्यावर पाय पूर्ण सरळ होतो का ते पाहायचं. होत नसेल तर त्याच टेबलावर सोडवायचं, 'फिजिओत होईल' हे वाक्य चालणार नाही.

८ जानेवारी

ओटीची यादी छापली. सेफाझोलिन (अँटिबायोटिक) २ ग्रॅम, टूर्निके (रक्त थांबवायला मांडीला बांधायचा हवेचा पट्टा) फुगवण्याच्या आधी पूर्ण जायला हवं, चार तासांवर गेलं तर पुन्हा. टूर्निके रुंद, मांडीच्या अगदी वर, वेळ फळ्यावर, १२० मिनिटांची मर्यादा. पैलवानाला नेहमीचा पट्टा तोकडा पडतो, वेल्क्रो शस्त्रक्रियेच्या मध्येच उसवतो. मोठ्या मापाचा एक घेतला.

१७ जानेवारी

गादी. दुर्बीण वापरून गादीचा फाटका तुकडा काढण्याचं काम पहिल्यांदा १९६२ मध्ये टोकियोत मासाकी वातानाबे यांनी केलं. पुढे बरीच वर्षं काढणं हाच रिवाज होता. आता आधी शिवता येते का ते पाहायचं. रक्त फक्त बाहेरच्या कडेला पोचतं, आतल्या गादीच्या १० ते ३० टक्के रुंदीत. तिथली उभी फाट शिवली तर धरते. आतल्या पांढऱ्या कडेची लोंबती चिरफळी मात्र शिवून उपयोग नाही, तेवढीच छाटायची.

एसीएलसोबत आतल्या गादीच्या मागच्या कडेला लपलेली फाट असते. समोरून गादी साबूत दिसते. दुर्बीण नॉचमधून (फीमरच्या दोन गोलाकार टोकांमधल्या खाचेतून) मागे ढकलून पाहिल्याशिवाय 'गादी ठीक' लिहायचं नाही, त्यासाठी यादीत वेगळा चौकोन केला.

टाके दर ५ मिमीला, आधी कडा रास्पने (बारीक कानशीने) खरवडून. लांब सुया आतून बाहेर काढताना बाहेरच्या गादीसाठी गुडघा ९० अंशांत, म्हणजे नस मागे पडते, आणि सुईपुढे आडोसा हवा. वाकवलेला स्टीलचा चमचा निर्जंतुक करून ठेवला आहे, खास रिट्रॅक्टरपेक्षा हातात तोच बरा बसतो. बाहेरच्या गादीच्या मागच्या टोकाजवळ पूर्ण आतल्या आत बसणारे अँकर (टाका धरून ठेवणाऱ्या छोट्या खुंट्या) वापरताना सुईला खोलीची मर्यादा लावायचीच. धमनी तिथून फार लांब नाही.

३० जानेवारी

सरकणारी वाटी. पहिल्यांदाच सरकली आणि आत तुकडा सुटलेला नसेल तर शस्त्रक्रिया नाही, ब्रेस आणि व्यायाम. पुन्हा पुन्हा सरकत असेल तर आधी तीन आकडे: टीटी-टीजी अंतर (नडगीवरचा उंचवटा वाटीच्या खोबणीपासून किती बाहेर आहे ते), वाटीची उंची आणि खोबणीचा आकार. टीटी-टीजी २० मिमीपेक्षा जास्त असेल तर नुसता आतला बंध बांधून भागत नाही, नडगीवरचा उंचवटा आत सरकवावा लागतो. एमआरआयवर हे अंतर सीटीपेक्षा काही मिमी कमी येतं, म्हणून कशावर मोजलं ते लिहायचं. उंचीचं कॅटन-डेशॉ गुणोत्तर १.२ च्या वर म्हणजे वाटी उंच.

एमपीएफएल, म्हणजे वाटीला आतून धरणारा हाच बंध, बांधण्यात सगळा खेळ फीमरच्या एका बिंदूचा. शॉटल बिंदू, २००७ पासून सगळे हाच धरतात: बाजूच्या फिल्मवर मागच्या कॉर्टेक्सची (हाडाच्या कठीण कवचाची) रेषा खाली वाढवायची, तिच्या १ मिमी पुढे, आतल्या कॉन्डाइलच्या (फीमरच्या गोलाकार टोकाच्या) मागच्या सुरुवातीपासून २.५ मिमी खाली, ब्लूमेनसाट रेषेच्या (नॉचच्या छताच्या रेषेच्या) मागच्या टोकाच्या वर. फिल्म खरी बाजूची हवी, दोन्ही कॉन्डाइल एकमेकांवर तंतोतंत. आज सी-आर्मखाली प्लास्टिकचं फीमर ठेवून मुद्दाम थोडं फिरवून पाहिलं. पडद्यावर दोन कडा वेगळ्या झाल्या आणि 'बिंदू' काही मिमी सरकला. बिंदू जास्त वर गेला तर गुडघा वाकताना कलम ताणतं: वाकणं अडतं, आतून दुखतं, कूर्चा झिजते.

कलम ग्रॅसिलिसचं पुरतं. बांधताना गुडघा ३० अंशांत, आणि ओढायचं नाही, नुसती ढील काढायची. हा लगाम आहे, वाटी खेचून आणायची दोरी नव्हे. बांधल्यावर वाटी हाताने बाहेर आपल्या रुंदीच्या एक ते दोन चतुर्थांश सरकली पाहिजे. न सरकणारी वाटी म्हणजे सैलपेक्षा वाईट काम. वाटीतून आडवं आरपार भोक पाडायचं नाही, तिथून मोडते. टूर्निके गुडघा सरळ असताना फुगवला तर क्वाड्रिसेप्स अडकतो आणि वाटीची चाल खोटी दिसते, म्हणून तो वाकवून फुगवायचा.

उंचवटा सरकवताना हाडाची पट्टी ५ ते ६ सेमी लांब, वरून खाली निमुळती. खालचा काप आडवा तोडला तर नडगी तिथूनच मोडू शकते. दोन ४.५ चे स्क्रू, मागचा कॉर्टेक्स धरून. सहा आठवडे पूर्ण भार नाही.

११ फेब्रुवारी

मोडलेली वाटी. ताणपट्टी तारेचा सराव प्लास्टिकच्या हाडावर. आडवं फ्रॅक्चर, २ मिमी पायरी किंवा ३ मिमी फट असेल तर शस्त्रक्रिया. पाय सरळ उचलता येतो म्हणून वाटी मोडली नाही असं धरायचं नाही, बाजूचे पडदे शाबूत असले तर उचलता येतो.

२ मिमीच्या दोन के-वायर (हाडात घालायच्या ताठ सळ्या) समांतर, पुढच्या पृष्ठभागापासून साधारण ५ मिमी खोल. १८ गेजची तार आठच्या आकड्यात. तार हाडाला घासून, के-वायरच्या मागून न्यायची. जाड सुई किंवा पोकळ कॅन्युला वापरली तर जमतं. सरावात सगळ्यांची तार मांसातून, हाडापासून ४-५ मिमी लांब गेली. टेबलावर घट्ट वाटते, पण चार दिवसांत ती मांस कापून हाडावर येते आणि तेवढी फट पडते. पीळ दोन्ही बाजूंनी, ओढत ओढत द्यायचा. न ओढता पिळलं तर एक तार सरळ राहते, दुसरी तिच्याभोवती गुंडाळते आणि जोर धरत नाही. मागची कूर्चा सपाट बसली का ते फाटलेल्या पडद्यातून बोट घालून पाहायचं, एक्स-रेपेक्षा बोट लवकर सांगतं. शेवटी टेबलावरच ९० अंश वाकवून फट पडते का ते पाहायचं. के-वायरची वरची टोकं वाकवून हाडात ठोकायची, खालची आखूड कापायची. तरीही पुढे टोचतात, तार काढावी लागू शकते हे आधीच सांगायचं.

२० फेब्रुवारी

भूल. पाठीतून, सोबत मांडीतल्या ॲडक्टर कॅनॉलचा ब्लॉक (तिथल्या नसेजवळ बधिर करणारी सुई). दुखणं कमी होतं आणि मांडीचा स्नायू बहुतेक शाबूत राहतो, त्याच संध्याकाळी आवळता येतो. उपाशीपणाच्या ओळीत बदल: 'द्रव पदार्थ दोन तास आधीपर्यंत' असं छापलं होतं आणि पैलवानाच्या हिशोबात थंडाई द्रवच. दूध, बदाम घातलेलं पेय जेवणासारखंच, सहा तास आधी बंद. दोन तास आधीपर्यंत फक्त साधं पाणी. थंडाई हा शब्द आता पानावर आहे.

५ मार्च

वेळापत्रकाचा मसुदा घेऊन एका तालमीत गेलो. फिजिओची भाषा तिथे चालत नाही, म्हणून मोजमाप जोर, बैठका, सपाट्या, खडाखडी यांत लिहिलं होतं. वस्तादांनी पहिलाच प्रश्न टाकला:

"डॉक्टर, पोराचं दोन महिनं झालं. दुखत न्हाई, सूज न्हाई. बैठका मारू दे की."

"वस्ताद, आत बसवलेल्या बंधाला अजून स्वतःचं रक्त नाही. आधी तो आतून मऊ पडतो, मग नव्या शिरा शिरतात. सहा ते बारा आठवडे म्हणजे सगळ्यांत कच्चा काळ, आणि दुखणं थांबतं नेमकं तेव्हाच."

"म्हंजे कलम अजून धरलं न्हाई म्हणा."

शब्द तिथेच उचलला. तक्त्यावर 'ग्राफ्टची परिपक्वता' होतं, ते खोडून 'कलम धरायचा काळ' केलं. लाल पट्टा ६ ते १२ आठवडे.

बाकी तक्ता असा ठरला. पहिले दोन आठवडे: टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल, गुडघ्याखाली उशी कधीच नाही. मांडी आवळणं, वाटी हाताने हलवणं, ९० अंशांपर्यंत वाकवणं. सहा आठवड्यांनी जोर चालतील, गुडघा सरळच असतो. आठ आठवड्यांपासून खुर्चीला बूड टेकेल एवढीच अर्धी बैठक. पूर्ण बैठक आणि सपाट्या चार महिन्यांनी, गादी शिवली असेल तर सहा. हॅमस्ट्रिंग काढलेल्याने पहिले आठ आठवडे टाच मागे ओढण्याचा वजनी व्यायाम करायचा नाही. मांडीत मागे 'पट्' आवाज येऊन काळंनिळं होतं ते यानेच. फावड्याने आखाडा उकरणं हलकं काम समजलं जातं, पण त्यात रोवलेल्या पायावर अंग पिळतं. सहा महिन्यांआधी नाही. सहा आठवडे कमोड खुर्ची, गादी शिवलेल्याने चार महिने मांडी घालायची नाही. पोटरीची मालीश सहा आठवडे बंद: आत रक्ताची गुठळी असेल तर ती सुटून वर जाते.

१८ मार्च

परतण्याच्या अटी. चैत्रात जोतिबाची यात्रा, पाठोपाठ गावोगावच्या जत्रांची मैदानं, म्हणून तारखेचा दबाव आताच सुरू. कमीत कमी नऊ महिने. नॉर्वेतल्या २०१६ च्या अभ्यासात नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितके महिने लांबवलं, तितकं दर महिन्याला पुन्हा दुखापतीचं प्रमाण निम्म्याने घटलं. नऊनंतर तसा फायदा दिसला नाही. पण नुसता महिना मोजून भागत नाही. क्वाड्रिसेप्सची ताकद आणि एका पायावरच्या चार प्रकारच्या उड्या, सगळं दुसऱ्या पायाच्या ९० टक्के. यातही फसगत आहे: घरी बसून चांगला पायही झडतो आणि टक्केवारी फुगते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी चांगल्या पायाचं माप घेऊन ठेवायचं, मांडीचा घेर वाटीच्या वरच्या कडेपासून १० आणि १५ सेमीवर. टेप एकच वापरायची, शिवणकामाची ताणली जाते.

क्रम: सात महिन्यांनी विरोध न करणाऱ्या जोडीदारासोबत डाव, आठला खडाखडी, पट आणि टांग नऊनंतर चाचण्या पास झाल्यावर. मातीवर आधी, मॅटवर नंतर. मॅटवर बूट चिकटतो, पाय सुटत नाही.

२ एप्रिल

'लगेच या' पान. ताप आणि गुडघा गरम, जखमेतून पाणी, पोटरीत नवं दुखणं, दम लागणं, पाऊल वर उचलता न येणं. जखमेतून पाणी येत असेल तर घरच्या घरी गोळ्या बदलत बसायचं नाही. आधी सांध्यातलं पाणी काढून तपासणीला, मग अँटिबायोटिक. क्रम उलटा झाला तर जंतू सापडतच नाही. गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाला बधिरपणा मात्र बऱ्याच जणांना येतो, छोटी त्वचेची नस कापली जाते. घाबरायचं नाही, पण आधीच सांगितलं नसेल तर माणूस घाबरतोच.

सहा आठवड्यांनीही पाय शेवटचे पाच-दहा अंश सरळ होत नसेल आणि पुढे काही अडल्यासारखं वाटत असेल तर कलमाच्या पुढे गाठ झाली असेल. एमआरआय करून दुर्बिणीतून काढायची. वाट पाहिली तर चाल बिघडते.

१४ एप्रिल

छापील तक्त्याचे पहिले नमुने आले. चित्रकाराने पहिल्याच चौकटीत गुडघ्याखाली उशी काढली आहे, मजकुरात नेमकं त्याच्या उलट. चित्र परत. '१२०' चा शून्य एका ठिकाणी गळून '१२' झाला होता. तालमीतले तक्ते लॅमिनेट करायचे, तेल आणि माती लागणारच. अक्षर एवढं मोठं की चार फुटांवरून वाचता यावं.

कोनमापक दोन मागवले, एक फिजिओकडे, एक वॉर्डात. वॉर्डातला याआधी दोनदा गायब झाला, तो सिस्टरांच्या टेबलाला साखळीने बांधायचा.